'चाल' लिहायला जागा कुठे आहे?



१४ एप्रिल जवळ आली की वर्ध्यात आणि देवळी, पुलगाव, हिंगणघाट, आर्वीकडच्या वस्त्यांत भीमगीतांच्या पातळ पुस्तिका पुन्हा हातोहात फिरू लागतात. पिवळट कागद, मुखपृष्ठावर बाबासाहेब, आत गाणी. प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर एक ओळ ठरलेली असते. 'चाल' हा शब्द, पुढे एक आडवी रेघ आणि तिच्यापुढे एखाद्या जुन्या सिनेगीताचे दोन-तीन शब्द. स्वर लिहिलेले नसतात, मात्रा नसतात, ताल नसतो. ज्याला ते सिनेगीत ठाऊक आहे तो पुस्तिका हातात घेऊन तिथेच गायला लागतो.

याच जिल्ह्यात सेवाग्रामला दुसरं एक पुस्तक आहे, आश्रम भजनावली. ते घडलं साबरमतीला. नारायण मोरेश्वर खरे या विष्णु दिगंबर पलुस्करांच्या शिष्याने त्यातली भजनं जमवली, बसवली. पुढे गांधींबरोबर ती प्रार्थना वर्ध्याकडे आली. त्या पुस्तकातही भजनाच्या डोक्यावर एक ओळ असते. तिच्यात राग आणि ताल लिहिलेला असतो. पानावरची जागा तीच. तिथे राग, इथे चाल.

संगीत शिकलेली माणसं आम्हाला सांगतात की पहिली ओळ म्हणजे शास्त्र आणि दुसरी म्हणजे अडाण्यांची सोय. आम्हाला हे मान्य नाही. नुसतं 'राग खमाज' लिहून स्वर कळतात का? ज्याने खमाज ऐकलाय, शिकलाय, त्यालाच कळतात. 'चाल' या ओळीचंही तेच आहे. दोन्ही ओळी वाचणाऱ्याच्या आठवणीवर विसंबून आहेत. फरक एवढाच की एकीला गुरूच्या घरातली आठवण लागते आणि दुसरीला टुरिंग टॉकीज, रेडिओ आणि हॉटेलातल्या रेकॉर्डची. ज्यांना गुरूच्या घराची पायरी चढता येत नव्हती त्यांनी सर्वांच्या कानावर पडणारी गोष्टच लिपी म्हणून वापरली. हा शोध आहे, आणि तो आपल्या माणसांचा आहे.

पण या लिपीची किल्ली आता हरवत चालली आहे, हेही तितकंच खरं. ज्या सिनेगीताचा हवाला दिलाय ते आजच्या वीस वर्षांच्या पोराने ऐकलेलं नसतं. सिनेमाचं नाव पुस्तिकेत नसतं, आणि दोन शब्दांवरून गाणं शोधायला गेलं तर त्याच शब्दांची चार गाणी सापडतात. कित्येक चाली तर सिनेमाच्या नव्हत्याच. त्या जात्यावरच्या ओवीच्या, भजनाच्या, तमाशाच्या किंवा त्या गायकाच्या स्वतःच्या होत्या. वामनदादा कर्डकांनी हजारो गाणी लिहिली आणि गावोगाव फिरून गायली. शब्द वह्यांत राहिले, पुस्तकांत आले. चाली राहिल्या त्यांच्याबरोबर बसलेल्यांच्या गळ्यात. वामनदादा २००४ साली गेले आणि ते गळेही आता थकले आहेत. म्हणून आम्ही काही जण वर्धा जिल्ह्यातल्या जुन्या गायन पार्ट्यांची, दुय्यम कव्वालीच्या कार्यक्रमांतली गाणी लिहून घ्यायच्या कामाला लागलो. लिहायचं म्हणजे आज अर्थातच संगणकावर. हा लेख त्या संगणकाबद्दल आहे.

म्युझस्कोर नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, खुलं आहे, चांगलं आहे. नवं पान उघडलं की ते विचारतं: शीर्षक काय, संगीतकार कोण, गीतकार कोण, स्वामित्वहक्क कोणाचा. चौकटी भरा, पुढे जा. 'चाल' लिहायला चौकट नाही. मग कार्यकर्ता काय करतो? संगीतकाराच्या चौकटीत सिनेमाच्या संगीत दिग्दर्शकाचं नाव टाकतो, म्हणजे आपल्या गायकाने त्या चालीत केलेला सगळा फेरफार पुसला गेला. किंवा 'पारंपरिक' टाकतो, म्हणजे गायकच पुसला गेला. तिसरा मार्ग चौकट रिकामी सोडण्याचा. ती सोडली तर छापील पान अपुरं दिसतं आणि पुढचा कोणीतरी तिथे स्वतःचं नाव घालतो. यात कोणाचाही दुष्ट हेतू नाही. ज्या समाजात एक माणूस टेबलाशी बसून सूर लिहितो आणि दुसरे ते वाचून वाजवतात, त्या समाजाने ही चौकट आखली आहे. आपल्याकडे गाणं तसं घडलंच नाही.

पुढे गेलं की पानावर पाच रेघा येतात, ट्रेबल क्लेफ येतो आणि चार-चारचा ताल येतो. तुम्ही मागितलं नाही तरी येतो. आता आपल्या गाण्याची सुरुवात आठवा. गायक कानावर हात ठेवून आधी एक लांब हाक देतो, एखादा शेर म्हणतो, ढोलकी गप्प असते, पेटी फक्त सूर धरून असते. त्याला मात्रा नाहीत. दम पुरेल तितकी ती ओळ लांबते. पण सॉफ्टवेअरला दर चार मात्रांनी उभी रेघ मारल्याशिवाय चैन पडत नाही. रेघा लपवता येतात, मात्रांची मर्यादा काढता येते, हे आम्हाला माहीत आहे. त्यासाठी आतल्या खिडक्यांमध्ये शिरून प्रत्येक खणाची मापं बदलावी लागतात. शिकाऊ मुलगा ते करत नाही. तो हाक मोजून चार-चारच्या खणांत बसवतो, उरलेल्या जागी विराम टाकतो. मग संगणक ते वाजवून दाखवतो, आणि हाकेची घोषणा होते. आपोआप काय येतं आणि खटपट करून काय आणावं लागतं, सॉफ्टवेअरचं राजकारण तिथेच असतं. मनाई कशालाच नसते.

यापेक्षा मोठं नुकसान झिलेचं होतं. ज्याने भीमगीतांची पार्टी समोर बसून ऐकली आहे त्याला माहीत आहे की झीलकरी गायकाची ओळ संपायची वाट पाहत नाहीत. गायक शेवटच्या शब्दावर असतानाच मागचे लोक तो शब्द उचलतात, वरच्या पट्टीत नेतात, आणि गायक त्यांच्या आवाजाखालून पुढची ओळ घेऊन बाहेर येतो. दोन आवाज एकमेकांवर चढलेले असतात. सगळ्या वस्तीला मांडवात उभं करण्याची ताकद त्या चढण्यात आहे. हे एकाच पाचरेघीवर लिहायचं तर दोन वेगळे आवाज मांडावे लागतात, किंवा झीलकऱ्यांसाठी दुसरी पट्टी उघडावी लागते. घाईत कोणी ते करत नाही. आधी गायकाची ओळ, मग कोरसची ओळ, असं एकापुढे एक लिहून मोकळं होतात. कागद स्वच्छ दिसतो. आणि मग काय होतं ते आम्ही पाहिलं आहे. त्या कागदावरून शिकवलेली विहारातली मुलं गायकाची ओळ पूर्ण होईपर्यंत हात बांधून गप्प उभी राहतात आणि नंतर शाळेच्या प्रार्थनेसारखी गातात. कागदावरची सोय गाण्यात उतरली. दहा वर्षांनी कोणीतरी सांगेल की झील अशीच असते, पुरावा म्हणून छापील पान दाखवेल, आणि ज्यांनी वेगळं ऐकलंय ते उरलेले नसतील.

समाजशास्त्र शिकलेल्यांना इथे माक्स वेबर आठवेल. त्याच्या मृत्यूनंतर १९२१ साली संगीतावरचं त्याचं जे लिखाण छापलं गेलं, त्यात त्याने म्हटलंय की आधुनिक युरोपीय संगीत त्याच्या लेखनपद्धतीशिवाय आणि पियानोसारख्या वाद्याशिवाय उभंच राहिलं नसतं. लिपी गाण्याच्या मागून येत नाही, ती गाण्याला वळण लावते. वेबरने हे पाच रेघांबद्दल म्हटलं. आज त्या रेघा सॉफ्टवेअरच्या आत गोठल्या आहेत आणि जगभर एकाच वेळी उघडतात. १९८३ साली मिडी नावाची पद्धत आली, वाद्यं आणि संगणक एकमेकांशी बोलायला लागले. त्यात स्वर म्हणजे ० ते १२७ यांपैकी एक आकडा. दोन आकड्यांच्या मधला स्वर हवा असेल तर वेगळी आज्ञा द्यावी लागते. आपल्या जुन्या गायकाचा गंधार नेमका तिथेच, दोन आकड्यांच्या मध्ये, बसलेला असतो. कीबोर्डवाल्या कंपन्यांनी भारतातला बाजार ओळखून तानपुरा, पेटी, केरवा, दादरा भरलेली यंत्रं काढली. यामाहाची पीएसआर-आय मालिका आज खेड्यातल्या ऑर्केस्ट्रातही दिसते. एक बटण दाबलं की केरवा सुरू. तो केरवा कुठल्या ढोलकीवाल्याचा, हे विचारायची सोयच नाही.

याला आपल्यातलेच काही जण उत्तर देतात की म्हणूनच लिहू नका, आपलं गाणं तोंडी आहे, ते तोंडीच राहू द्या, यंत्र आपलं नव्हे. हे ऐकायला क्रांतिकारक वाटतं. पण पेटी कोणाची होती? तीही परदेशातून आली, तिचेही बारा स्वर ठोकून बसवलेले. १९४० पासून आकाशवाणीवर पेटीला बंदी होती, ती १९७१ च्या सुमारास थोडी उठली. मीड निघत नाही, श्रुती मरतात, ही कारणं देऊन तिला रेडिओच्या दाराबाहेर ठेवलं. ती त्या तीन दशकांत कुठे होती? आपल्या मांडवात होती. कव्वालीत होती, जलशात होती, लोकलच्या डब्यात होती. सारंगीवाला ठेवण्याइतका पैसा आणि त्याच्याकडून शिकण्याइतका शिरकाव ज्यांच्याकडे नव्हता त्यांना पेटीने आवाज दिला. 'काळी एक', 'पांढरी चार' ही आपल्या गायकांची पट्टी सांगायची भाषा पेटीच्या पट्ट्यांवरूनच आली. त्यामुळे यंत्राने शुद्धता जाते हे रडगाणं आमचं नाही. ते ज्यांचं आहे त्यांनी गावं. आमचा प्रश्न यंत्रात काय आपोआप येतं आणि ते ठरवताना आपण खोलीत होतो का, एवढाच आहे. आणि तोंडी राहू द्या म्हणणाऱ्यांना एक साधी विचारणा. ज्यांना शतकानुशतकं लिहू दिलं गेलं नाही, त्यांच्या मुलांनी आता स्वखुशीने लिहायचं नाही, हा सल्ला नेमका कोणाच्या फायद्याचा?

मग कोणी म्हणेल, पाच रेघा सोडा, आपली स्वरलिपी वापरा, भातखंडेंची आहेच की. वापरावी, आम्हीही वापरतो. देशी लिपी लिहायची खटपट जुनी आहे. बडोद्यात सयाजीरावांच्या संस्थानात मौलाबक्षांनी १८८६ साली गायनशाळा काढली, सरगम लिहून शिकवली. नंतर पलुस्करांची लिपी आली, भातखंडेंची आली. भातखंडेंच्या खुणा मोजक्या आहेत. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्राला खाली टिंब, तारला वर टिंब, समेला फुली, खालीला शून्य. ही लिपी छापखान्याला सोसली आणि शाळेतल्या फळ्यालाही. पण ती कोणाच्या गाण्यासाठी घडली? बंदिशीसाठी. ठेक्यात बसलेल्या, घराण्यातून आलेल्या, बऱ्याचदा मुसलमान उस्तादांकडून मिळवलेल्या चिजांसाठी. झील, हाक, मधेच थांबून केलेलं बोलणं यांच्यासाठी तिच्यातही खूण नाही.

आणि ती टाइप करून पाहा. व्हॉट्सॲपवर पाठवली की कोमलची अधोरेखा गळून पडते. कोमल गंधार आणि शुद्ध गंधार एकच होतात. म्हणून पोरं रोमन अक्षरांकडे वळली. शुद्ध ऋषभ म्हणजे कॅपिटल आर, कोमल म्हणजे स्मॉल आर. मध्यमाला मात्र उलट, शुद्ध तो लहान आणि तीव्र तो मोठा. ही पद्धत आज सरगम शिकणाऱ्यांत एवढी पसरली आहे की अनेकांना तीच मूळची वाटते. रोमन लिपीत लहान-मोठी अक्षरं असतात, देवनागरीत नसतात. कीबोर्डला जे सहज जमलं त्याची प्रथा झाली.

आता याच्या शेजारी एक गोष्ट ठेवून पाहा. संगणकावर जगातली सगळी अक्षरं ज्या तक्त्याने चालतात त्याचं नाव युनिकोड. त्या तक्त्यात २००९ साली, ५.२ या आवृत्तीत, वैदिक खुणांचा एक अख्खा विभाग आला. सामगानात अक्षरावर लिहितात ते बारीक आकडे आणि अक्षरंही देवनागरीच्या वाढीव विभागात आली. पाश्चात्त्य संगीताच्या खुणा तर २००१ पासून आहेत. भातखंडेंच्या कोमल स्वराला मात्र स्वतःची जागा नाही, म्हणून बरेच लोक त्याच्याखाली वेदातल्या अनुदात्ताची रेघ उसनी घेतात. म्हणजे भीमगीतातला कोमल निषाद लिहायचा तर वेदाची खूण लावायची. शूद्राने मुद्दाम वेद ऐकला तर त्याच्या कानात वितळलेलं कथील आणि लाख ओतावी असं गौतम धर्मसूत्र सांगतं, हे आपल्या कार्यकर्त्यांना पाठ आहे. त्या वेदाच्या उच्चाराची प्रत्येक वेलांटी आज तुमच्या मोबाईलमध्ये आहे.

पण यावर नुसतं चिडून चालणार नाही. हे कोणी कट करून केलेलं नाही. काही अभ्यासक बसले, हस्तलिखितं चाळली, खुणांची यादी केली, प्रत्येक खूण कुठे लागते त्याचे पुरावे जोडले, प्रस्ताव दिला, शंकांना उत्तरं दिली. प्रस्ताव कोणीही देऊ शकतो. आपल्याकडून गेला नाही, कारण झिलेची खूण काय हेच आपण अजून कागदावर ठरवलेलं नाही.

यंत्राचं ऐकलंच पाहिजे असंही नाही, आणि त्याचा दाखला वर्ध्यातच आहे. गेल्या शतकाच्या तिसाव्या-चाळिसाव्या दशकात काका कालेलकर आणि इतर सुधारकांनी नागरी लिपी टाइपरायटर आणि छपाईला सोयीची करायची मोहीम चालवली. यंत्राला अक्षरं कमी हवी होती, म्हणून इ, ई, उ, ऊ ही अक्षरं काढून 'अ'लाच वेलांट्या आणि उकार लावायचे. वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीने आपली पुस्तकं तशी छापली. 'इतिहास'च्या जागी 'अितिहास'. जुन्या ग्रंथालयांत ती अजून सापडतात. तर्काला धरून होती, यंत्राला आवडणारी होती, मागे मोठी माणसं होती. तरी लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांनी ती अंगाला लावून घेतली नाही. शेवटी यंत्रालाच 'इ' शिकावी लागली.

आपल्या कामाला जवळचा नमुना पाहायचा तर जात्यावरच्या ओव्यांचा पाहावा. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभरच्या बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. नव्वदच्या दशकात माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही त्यात आहेत. त्यांनी आवाज ध्वनिमुद्रित केला, शब्द उतरवले, गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव जपलं. पाच रेघांत कोंबायची घाई केली नाही. आवाज मूळ आणि कागद त्याचा टिपणवहीसारखा सोबती, हा क्रम आम्हाला पटतो. ध्वनिमुद्रण हाताशी असेल तर लिपीत चुकलेलं पुढची पिढी दुरुस्त करू शकते. नुसती लिपी असेल तर चूक हाच पुरावा होतो.

पाली वंदनेबाबत तर हे तातडीचं आहे. बाबासाहेबांनी 'बौद्ध पूजा पाठ' आपल्या हाती दिला, त्यांच्या लेखनाच्या १६व्या खंडात पाली व्याकरण आणि शब्दकोशासोबत तो आहे. त्यात शब्द आहेत, चाल नाही. विहाराविहारांत तो थोड्या वेगळ्या सुरात म्हटला जातो, ऱ्हस्व-दीर्घाच्या वजनावर चालतो, तालावर नाही. आता कीबोर्डवर बसवलेल्या वंदना येताहेत, मागे ठोका, दर चार मात्रांनी झांज. उद्या त्यांचंच नोटेशन निघेल आणि ते 'अधिकृत' म्हणून वाटलं जाईल. विहार समित्यांनी त्याआधी आपापल्या विहारातल्या वयस्क उपासिकांचा आवाज मोबाईलवर तरी घेऊन ठेवावा. खर्च शून्य आहे.

फाइलींचंही सांभाळा. फिनाले हे पस्तीस वर्षं चाललेलं नोटेशन सॉफ्टवेअर. ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीने ते पुढे विकसित करणं थांबवल्याचं जाहीर केलं, आणि ज्यांचं आयुष्यभराचं काम त्या फाइलींत होतं त्यांची धावपळ झाली. ते लोक साधनसंपन्न होते, निभावून नेतील. आपली गाणी एखाद्या स्टुडिओवाल्याच्या संगणकात त्याच्या फाइलीत पडून असतील तर आपण काय करणार? म्युझिकएक्सएमएल या खुल्या स्वरूपात एक प्रत काढा, एक छापा, आणि दोन्ही विहाराच्या कपाटात ठेवा.

आम्ही सध्या पान असं लिहितो. डोक्यावर 'चाल' ही ओळ जशीच्या तशी, पुढे सिनेमाचं नाव आणि साल मिळालं तर तेही. त्याखाली कोणाकडून ऐकलं, कोणत्या गावात, गाणाऱ्याची पट्टी कोणती. संगीतकाराच्या चौकटीत गायकाचं नाव आणि पुढे 'यांनी गायल्याप्रमाणे'. हाकेच्या भागात उभ्या रेघा नाहीत, वेळ लागला तरी नाहीत. झीलकऱ्यांना स्वतंत्र पट्टी, आणि ते जिथे शब्द उचलतात तिथे गायकाच्या अक्षरावर एक छोटा तिरका बाण. हा बाण आम्ही ठरवला आहे. दुसऱ्या कोणाकडे बरी खूण असेल तर ती घेऊ, पण सगळ्यांनी एकच वापरली पाहिजे. दहा जिल्ह्यांत दहा खुणा झाल्या तर युनिकोडकडे काय घेऊन जाणार?

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. कडव्याच्या मध्येच गायक थांबतो, पेटी चालू ठेवून समोरच्यांशी बोलतो, गावातल्या एखाद्या अन्यायाचं नाव घेतो, आणि त्याच दमात पुढच्या ओळीवर येतो. ते बोलणं गाण्यातलंच आहे, दर कार्यक्रमात वेगळं असतं. पट्टीवर मजकूर म्हणून टाकलं की सॉफ्टवेअर ते शेजारच्या खुणांवर चढवतं किंवा पानाच्या खाली ढकलतं. स्वतंत्र खण केला तर गाणं तुटल्यासारखं दिसतं. नागपूर, अमरावती, यवतमाळकडच्या साथींनी यावर काही केलं असेल तर पान पाठवा, आवाजासकट.